कंपायलरच्या कानात सांगितलेल्या गोष्टी

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सी भाषेच्या तोंडी परीक्षेला एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो: ‘रजिस्टर’ हा स्टोरेज क्लास कधी वापरायचा? उत्तरही पाठ असते. लूपच्या काउंटरसारखे जे व्हेरिएबल पुन्हा पुन्हा लागते ते ‘रजिस्टर’ म्हणून जाहीर करायचे. मग ते मेमरीत न राहता थेट प्रोसेसरच्या आत राहते आणि प्रोग्रॅम वेगाने चालतो. विद्यार्थी उत्तर देतो, परीक्षक मान डोलावतात, वहीवर सही होते.

तोच विद्यार्थी हॉस्टेलवर परत येतो. लॅपटॉपवर एकपासून दिलेल्या संख्येपर्यंत बेरीज करणारा साधा लूप लिहितो, काउंटरला ‘रजिस्टर’ लावतो आणि क्लँग कंपायलरला ‘ओ-टू’ पातळीचे ऑप्टिमायझेशन करायला सांगून निघालेली असेंब्ली उघडतो. काउंटर कुठल्या रजिस्टरमध्ये आहे ते त्याला पाहायचे असते. काउंटर कुठेच नसतो, कारण तिथे लूपच नसतो. एक तपासणी, एक गुणाकार, एका बिटाने सरकवणे आणि थोडी बेरीज-वजाबाकी, एवढ्यात काम संपलेले असते. दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढीच्या बेरजेचे जे सूत्र शिकवतात, तेच कंपायलरने लूपच्या जागी ठेवलेले असते. ‘रजिस्टर’ हा शब्द काढून टाकला तरी असेंब्लीत एका अक्षराचा फरक पडत नाही.

तोंडी परीक्षेतले उत्तर एक आणि मशीनचे उत्तर दुसरे. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर पडले आहे, ते कसे पडले आणि कुठे पडलेले नाही, याचा शोध म्हणजे पुढची प्रकरणे.

विषय लहान दिसतो, पण त्याचा पसारा मोठा आहे. सी भाषेत पन्नास वर्षांत लिहिलेला कोड आज बँकांत, मोबाइलमध्ये, उपग्रहांत, मोटारींत चालू आहे. त्यात ठिकठिकाणी प्रोग्रॅमरने कंपायलरला काही सांगून ठेवले आहे: हे व्हेरिएबल रजिस्टरमध्ये ठेव, हे फंक्शन जागच्या जागी उलगड, ही अट सहसा खरी नसते, हे दोन पॉइंटर एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत. कधी शब्दाने न सांगता कोडच्या रचनेतून सांगितले आहे: भागाकाराऐवजी बिट सरकवले, लूप हाताने आठपट लांब केला, दोन संख्यांची अदलाबदल तिसरे व्हेरिएबल न घेता ‘एक्सॉर’ने केली. हे सगळे जुने ते सोने म्हणून जपायचे की अडगळ म्हणून काढायचे, हा प्रश्न असा कोड सांभाळणाऱ्या प्रत्येकासमोर रोज येतो.

सुरुवात जिथे झाली तिथून पाहिले म्हणजे जुन्या माणसांवर अन्याय होत नाही. डेनिस रिची यांनी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९६९ ते १९७३ या काळात सी भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा या भाषेत नव्याने लिहिला गेला. मशीन होते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे पीडीपी-११. बेल लॅब्जमधल्या पहिल्या पीडीपी-११ ची एकूण मेमरी २४ किलोबाइट होती. या प्रोसेसरला आठ रजिस्टर, त्यांतली दोन स्टॅक पॉइंटर आणि प्रोग्रॅम काउंटर यांत अडकलेली. उरलेल्यांतून कंपायलरला स्वतःच्या आकडेमोडीसाठी जागा लागे. प्रोग्रॅमरच्या वाट्याला तीन येत. कर्निहॅन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत हे स्पष्ट आहे: पीडीपी-११ वर एका फंक्शनमधली पहिली तीनच ‘रजिस्टर’ जाहीर केलेली व्हेरिएबल्स उपयोगी पडतात, बाकीच्यांवर तो शब्द वाया जातो.

अशा वेळी तीन जागा कुणाला द्यायच्या हे माणसाला कंपायलरपेक्षा चांगले कळत होते. कंपायलरलाही त्याच चिमुकल्या मेमरीत बसायचे होते. सगळे फंक्शन डोळ्यांसमोर ठेवून, कुठले व्हेरिएबल किती वेळा लागते याचा हिशेब मांडायला त्याच्याकडे जागाच नव्हती. ‘रजिस्टर’ हा शब्द म्हणजे त्या काळी माणसाने उचललेला कामाचा वाटा होता.

तोच शब्द महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आला तो टर्बो सी बरोबर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हातात आणि समोर बोर्लंडची निळी स्क्रीन, असे सी शिकलेली एक अख्खी पिढी इथे आहे. टर्बो सी हा १६ बिटांच्या डॉस मशीनसाठीचा कंपायलर. रजिस्टर व्हेरिएबलसाठी तो एसआय आणि डीआय ही दोनच रजिस्टर वापरी, आणि ती ‘रजिस्टर’ लिहिलेल्यांनाच द्यायची की कंपायलरने स्वतः निवड करायची, असा पर्यायही त्यात होता. म्हणजे परीक्षेतले उत्तर ज्या मशीनवर शिकवले गेले, त्या मशीनवरच त्याची धार कमी होऊ लागली होती.

कंपायलर शहाणा कसा झाला, ही कथा सी भाषेच्याही आधी सुरू होते. आयबीएमच्या ७०४ या मशीनसाठी १९५७ मध्ये आलेल्या पहिल्या फोरट्रानमध्ये ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचे एक विधान होते. एखाद्या फाट्यावर प्रोग्रॅम कुठल्या बाजूला किती वेळा वळेल, याचा अंदाज प्रोग्रॅमरने त्यात लिहायचा. तो अंदाज घेऊन कंपायलर प्रोग्रॅमच्या प्रवाहाची मॉन्टे कार्लो पद्धतीने नक्कल करी आणि कुठला भाग जास्त चालतो ते ठरवी. हे विधान पुढे फोरट्रानमधून गेले. पण आज लिनक्सच्या कोडमध्ये ‘लाइकली’ आणि ‘अनलाइकली’ लिहिणारा प्रोग्रॅमर तीच गोष्ट तशाच हेतूने सांगत असतो.

रजिस्टरच्या वाटपाचा प्रश्न सुटला तो नकाशा रंगवण्याच्या कोड्यातून. शेजारच्या दोन जिल्ह्यांना एकच रंग द्यायचा नाही, आणि कमीत कमी रंगांत नकाशा पुरा करायचा. आयबीएमच्या ग्रेगरी चायटिन आणि सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास रजिस्टर वाटपाला हेच रूप दिले. एकाच वेळी जिवंत असणारी दोन व्हेरिएबल्स म्हणजे शेजारी, आणि प्रत्येक रजिस्टर म्हणजे एक रंग. रंग पुरले नाहीत की कुणाला मेमरीत पाठवायचे, तेही हिशेबाने ठरते. शेकडो व्हेरिएबल्सचे फंक्शन असले तरी हा हिशेब मशीन न थकता करते आणि कोड बदलला की पुन्हा करते. माणसाने पाच वर्षांपूर्वी लिहिलेला ‘रजिस्टर’ हा शब्द मात्र कोड बदलला तरी तिथेच राहतो.

या शास्त्रात मुंबईचाही वाटा आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी पुनरुक्त आकडेमोड शोधून ती योग्य ठिकाणी हलवण्याच्या पद्धतींवर १९८० आणि ९० च्या दशकांत केलेले काम जगभरच्या कंपायलर संशोधकांनी पुढे नेले. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी कंपायलरच्या अभ्यासासाठी केंद्र उभे केले आणि डेटा फ्लो विश्लेषणावर सहकाऱ्यांसह २००९ मध्ये ग्रंथ लिहिला. तोंडी परीक्षेतल्या त्या प्रश्नाचे अद्ययावत उत्तर मराठी विद्यार्थ्याला शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आज ‘रजिस्टर’चे काय उरले आहे? जीसीसीला ऑप्टिमायझेशन बंद ठेवायला सांगितले, तर तो शब्द अजून पाळला जातो: साधी व्हेरिएबल्स स्टॅकवर, ‘रजिस्टर’ लिहिलेले व्हेरिएबल रजिस्टरमध्ये. शिकताना बहुतेक जण ऑप्टिमायझेशन न लावताच कंपाइल करतात, म्हणून त्यांनी वेळ मोजला तर फरक दिसतो आणि पाठ केलेले उत्तर खरे वाटते. ऑप्टिमायझेशन चालू केले की फरक संपतो. सी++ ने २०११ च्या मानकात हा शब्द कालबाह्य ठरवला आणि २०१७ च्या मानकात त्याचा अर्थच काढून घेतला. पायथनच्या सी भाषेतल्या गाभ्यातून तो २०१३ मध्ये झाडून काढला गेला. सी मध्ये तो अजून आहे आणि त्याचा एक नियम आजही कडक आहे: ‘रजिस्टर’ व्हेरिएबलचा पत्ता घेता येत नाही, घेतला तर कंपायलर चूक दाखवतो. वेगाची विनंती विझली. ‘याचा पत्ता कुणाकडे जाणार नाही’ हे विधान तेवढे शिल्लक राहिले.

या शेवटच्या वाक्यात पुढच्या सगळ्या प्रकरणांची किल्ली आहे. प्रोग्रॅमर कंपायलरला दोन जातींच्या गोष्टी सांगतो. पहिल्या जातीची गोष्ट म्हणजे काम कसे करायचे: रजिस्टर वापर, बिट सरकव, लूप उलगड. दुसऱ्या जातीची गोष्ट म्हणजे काय खरे आहे: ही संख्या कधीच उणे नसते, हे दोन पॉइंटर वेगळ्या जागांकडे पाहतात, ही चूक हजारात एकदा घडते. पहिल्या जातीचे ज्ञान कंपायलरने शिकून घेतले आणि बहुतेक ठिकाणी तो माणसाच्या पुढे गेला. दुसऱ्या जातीचे ज्ञान कोडमध्ये लिहिलेलेच नसते. ते प्रोग्रॅमरच्या डोक्यात असते, आणि तिथून ते काढून घेण्याची युक्ती कुठल्याही कंपायलरकडे नाही.

भागाकाराचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या कोडमध्ये दोनने भागायचे असेल तिथे संख्या एक बिट उजवीकडे सरकवलेली दिसते, कारण भागाकार ही प्रोसेसरची महागडी आज्ञा आणि सरकवणे स्वस्त. दोनने भाग असे लिहिले तर आजचा कंपायलर स्वतःच सरकवतो. पण संख्या उणे असू शकत असेल, तर दोन गोष्टी सारख्या नाहीत. उणे सातला दोनने भागले तर सी भाषेच्या नियमाने उत्तर उणे तीन येते, तर उणे सात एक बिट उजवीकडे सरकवले की रूढ मशीनवर उणे चार. म्हणून कंपायलर आधी चिन्हाचा बिट संख्येत मिळवतो आणि मग सरकवतो, म्हणजे दोन-तीन आज्ञा जास्त खर्च करतो. हाताने सरकवणाऱ्याने वेळ वाचवला, पण उणे संख्यांसाठी गणितच बदलून टाकले. व्हेरिएबल ‘अनसाइन्ड’ जाहीर केले, तर दोनने भाग असे सरळ लिहूनही एकच आज्ञा निघते आणि वाचणाऱ्यालाही काय चालले आहे ते कळते. तिथे युक्ती सांगितलेली नाही. संख्या उणे नसते ही वस्तुस्थिती सांगितली आहे.

दहाने भागायचे असेल तर कंपायलर आणखी पुढे जातो. दोनचा पस्तिसावा घात म्हणजे ३४,३५,९७,३८,३६८. त्याला दहाने भागले की ३,४३,५९,७३,८३६.८ येतात. पूर्णांकात वर घेतले तर ३,४३,५९,७३,८३७. ३२ बिटांच्या कुठल्याही बिनचिन्ही संख्येला या आकड्याने गुणून गुणाकार ३५ बिट उजवीकडे सरकवला, की दहाने भागल्याचे बिनचूक उत्तर मिळते. टॉर्बयॉर्न ग्रॅनलंड आणि पीटर मॉन्टगोमेरी यांनी १९९४ मध्ये ही रीत कुठल्याही ठरावीक भाजकासाठी मांडली, आणि आज सर्व मुख्य कंपायलर ती वापरतात. हा आकडा हाताने कोडमध्ये लिहिण्याची गरज उरलेली नाही. भाजक दहाच आहे हे कंपायलरला दिसेल असे लिहिणे, एवढेच प्रोग्रॅमरकडे उरते.

लूप उलगडण्याच्या कलेत ‘डफ्स डिव्हाइस’ हे सर्वांत गाजलेले नाव. लुकासफिल्ममध्ये काम करणाऱ्या टॉम डफ यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. आकडे एकामागून एक एका हार्डवेअर रजिस्टरवर पाठवणारा लूप त्यांना मंद वाटत होता. त्यांनी एका फेरीत आठ प्रती बसवल्या, आणि आठने भाग न जाणारी बाकी हाताळण्यासाठी ‘स्विच’च्या पोटात ‘डू-व्हाइल’ असा गुंफला की पहिली उडी थेट लूपच्या मध्ये पडावी. भाषेचा असा उपयोग होऊ शकतो हे पाहून सी जाणणारे आजही थबकतात. पण २००० मध्ये टेड त्सो यांनी नोंदवले की एक्सफ्री८६ या ग्राफिक्स सर्व्हरच्या चौथ्या आवृत्तीत ठिकठिकाणचे डफ्स डिव्हाइस काढल्यावर फाइल सुमारे अर्ध्या मेगाबाइटने लहान झाली आणि सर्व्हर अधिक वेगाने चालू लागला. मधल्या १७ वर्षांत प्रोसेसरच्या आत आज्ञांची कॅश आली होती. कोड लांब झाला की तो कॅशमध्ये मावत नाही, आणि लूपच्या उड्या वाचवून कमावलेला वेळ मेमरीची वाट पाहण्यात जातो.

‘इनलाइन’ची गत काहीशी अशीच. फंक्शनला हाक मारण्याचा खर्च वाचवायचा म्हणून त्याचा मजकूर हाक मारणाऱ्याच्या जागीच ओतायचा. लिनक्स कर्नलच्या कोडलेखनाच्या नियमांत या सवयीला रोग म्हटले आहे, आणि तीनपेक्षा जास्त ओळींच्या फंक्शनला हा शब्द सहसा लावू नये असा ढोबळ नियम दिला आहे. तरीही हा शब्द ‘रजिस्टर’इतका निष्प्राण नाही. फंक्शन किती मोठे असले तरी उलगडायचे याची जीसीसीमधली मर्यादा ‘इनलाइन’ लिहिलेल्या फंक्शनसाठी वेगळी असते. तराजूवर ठेवलेल्या एका लहान वजनासारखा तो अजून काम करतो. तराजू मात्र कंपायलरच्या हातात असतो.

कंपायलरला सांगितलेल्या अशा गोष्टींना हिंट म्हणतात, आणि दुसऱ्या जातीच्या हिंटांमध्ये सर्वांत मोलाची ‘रिस्ट्रिक्ट’. एक फंक्शन डोळ्यांसमोर आणावे. त्याला तीन पॉइंटर मिळतात: निकाल ठेवायचा ॲरे, मूळ आकड्यांचा ॲरे आणि ज्याने गुणायचे तो एकच आकडा. सगळे एकाच प्रकारचे दशांशी आकडे. माणसाला वाटते की गुणक लूपच्या आधी एकदा वाचला की झाले. कंपायलरला तसे धरून चालता येत नाही. निकालाच्या ॲरेत लिहिताना नेमका गुणकच पुसला जाणार नाही, याची हमी त्याला कुणी दिलेली नाही. म्हणून तो प्रत्येक फेरीला गुणक मेमरीतून पुन्हा वाचतो, किंवा ॲरे एकमेकांवर चढलेले आहेत का याची तपासणी घालून लूपच्या दोन आवृत्त्या बनवतो. निकालाच्या पॉइंटरला ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिले की ही धास्ती संपते. गुणक एकदाच वाचला जातो, आणि २५६ बिटांची रजिस्टर असलेल्या प्रोसेसरवर ३२ बिटांचे आठ आकडे एका आज्ञेत गुणले जातात. फोरट्रान भाषेत फंक्शनला दिलेले ॲरे असे एकमेकांवर चढवून त्यांत लिहायला मुळातच मनाई आहे. वैज्ञानिक आकडेमोडीत फोरट्रान इतकी वर्षे सीच्या पुढे राहिली, त्याचे हे एक मोठे कारण.

सी मध्ये ही सोय यायला वेळ लागला. पहिल्या मानकाच्या मसुद्यात ‘नोएलियस’ नावाचा शब्द घालण्याचा बेत होता. १९८८ मध्ये डेनिस रिची यांनी समितीला पत्र लिहून त्याला कडाडून विरोध केला. व्याख्या सदोष होती आणि सरळ दिसणाऱ्या कोडचा अर्थ तिने बिघडवला असता. शब्द मागे घेतला गेला. नेटकी व्याख्या घेऊन ‘रिस्ट्रिक्ट’ आला तो १९९९ च्या मानकात.

‘रिस्ट्रिक्ट’ हे प्रोग्रॅमरचे वचन आहे, आणि वचन खोटे ठरले तर कंपायलर जबाबदार नसतो. मेमरीचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडे नेणारी ‘मेमकॉपी’ आणि ‘मेममूव्ह’ ही दोन फंक्शने सीच्या लायब्ररीत जोडीने आहेत. पहिल्याला दोन जागा एकमेकींवर चढलेल्या चालत नाहीत, दुसऱ्याला चालतात. २०१० मध्ये फेडोरा लिनक्सच्या १४ व्या आवृत्तीत नव्या इंटेल प्रोसेसरसाठी मेमकॉपीची वेगवान आवृत्ती आली, ती काही वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे कॉपी करी. ताबडतोब ६४ बिटांच्या फ्लॅश प्लगइनमधून येणारा आवाज फाटू लागला. आत कुठेतरी चढलेल्या जागांवर मेमकॉपी वापरली होती, आणि इतकी वर्षे ते निभावून गेले होते. वचन मोडलेले होतेच, वेग वाढल्यावर ते उघडे पडले.

रस्ट भाषेचा अनुभवही याच गोष्टीकडे बोट दाखवतो. बदलता येणाऱ्या प्रत्येक संदर्भाबद्दल ‘याच्या जागेत दुसरे कुणी येत नाही’ हे रस्टच्या नियमांमुळे आपोआप सिद्ध होते, म्हणून रस्टचा कंपायलर ही माहिती एलएलव्हीएमला, म्हणजे क्लँगच्याही पोटात असलेल्या ऑप्टिमायझेशनच्या यंत्रणेला, सगळीकडे पुरवू लागला. सी च्या कोडमध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ इतका विरळ की एलएलव्हीएममधला तो रस्ता फारसा कुणी तुडवलेलाच नव्हता. त्यातल्या चुका रस्टने उघड केल्या, सोय अनेकदा बंद करावी लागली, आणि २०२१ मध्ये रस्टच्या १.५४ आवृत्तीत ती पुन्हा चालू झाली.

‘लाइकली’ आणि ‘अनलाइकली’ याच जातीचे, पण त्यांत सत्य अंदाजाच्या रूपात असते. जीसीसी अशा हिंटवर ९० टक्के विश्वास ठेवतो आणि क्वचित लागणारा भाग मुख्य वाटेवरून उचलून दूर ठेवतो. प्रोसेसर आपला अंदाज चालता चालता स्वतः शिकतो, त्याला या शब्दांचे फारसे देणेघेणे नाही. फायदा मिळतो तो कोडच्या मांडणीतून: नेहमी लागणाऱ्या आज्ञा सलग राहतात, कॅश वाया जात नाही. चूक हाताळण्याच्या वाटा अशा हिंटसाठी योग्य. बाकी ठिकाणी माणसाचा अंदाज फसतो, हे जीसीसीच्या माहितीपुस्तिकेतच स्पष्ट म्हटले आहे. लिनक्स कर्नलमध्ये २००८ पासून यासाठी मोजणीची यंत्रणा आहे. ती चालू केली की प्रत्येक ‘लाइकली’ किती वेळा बरोबर आणि किती वेळा चूक ठरली, याचा तक्ता समोर येतो.

काही हिंट दोन्ही जातींच्या मधोमध बसतात. ‘प्रीफेच’ सांगतो की ही मेमरी लवकरच लागणार आहे, आधीच मागवून ठेव. लिंक केलेल्या याद्या फिरताना पुढचा दुवा आधीच मागवण्याची सोय लिनक्स कर्नलच्या याद्यांच्या मॅक्रोमध्येच बसवलेली होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये मोजून पाहिले तेव्हा ती नुकसान करताना दिसली. हॅशच्या याद्या बहुधा एका-दोन दुव्यांच्या असतात आणि शेवटचा पॉइंटर शून्याकडे बोट दाखवतो. शून्य पत्त्याची मेमरी मागवायला गेलेला प्रोसेसर पत्त्यांच्या तक्त्यांत शोधाशोध करून रिकाम्या हाताने परत येई, आणि हे प्रत्येक यादीच्या शेवटी घडे. ‘लवकरच लागणार आहे’ हे विधानच बहुतेक वेळा खोटे होते. मॅक्रोमधून प्रीफेच काढले गेले.

मग हाताने केलेले सगळे काढून टाकावे काय? पायथनचे उदाहरण घाई करू देत नाही. पायथनचा गाभा एकेक छोटी आज्ञा वाचून तिच्या कोडकडे उडी मारतो. साध्या ‘स्विच’ने लिहिले तर सगळ्या उड्या एकाच ठिकाणाहून निघू शकतात, आणि पुढची उडी कुठे याचा अंदाज प्रोसेसरला अवघड जातो. जीसीसीची ‘लेबलचा पत्ता’ ही सोय वापरून २००९ च्या ३.१ आवृत्तीत प्रत्येक आज्ञेच्या शेवटी वेगळी उडी बसवण्याचा पर्याय दिला गेला आणि काही मशीनवर २० टक्क्यांपर्यंत वेग वाढला. २०२४ मध्ये आलेल्या एलएलव्हीएम १९ ने एका अंतर्गत मर्यादेपायी या वेगळ्या उड्या पुन्हा एकत्र गुंडाळल्या. पायथन सुमारे दहा टक्क्यांनी मंदावला. त्याच सुमारास पायथनमध्ये नवी रचना येत होती. ती दहा-पंधरा टक्के वेगवान भासली, आणि २०२५ मध्ये उलगडा झाला की त्यातला बराचसा फरक जुनी रचना मंदावल्यामुळे दिसत होता. खरी वाढ पाच टक्क्यांच्या आत होती. जुनी हाताची युक्ती कंपायलरने पुसली, तेव्हाच ती अजून किती काम करत होती ते कळले.

म्हणून पुढच्या प्रत्येक प्रकरणात कंपायलरचे नाव, त्याची आवृत्ती, ऑप्टिमायझेशनची पातळी आणि प्रोसेसर हे आकड्यांच्या शेजारीच नोंदवायची शिस्त आहे. या चार गोष्टींशिवाय ‘वेग वाढला’ या वाक्याला काही अर्थ राहत नाही. जिथे शक्य आहे तिथे माणसाच्या अंदाजाऐवजी मशीनकडूनच माहिती घेण्याची रीतही दाखवली आहे: आधी मोजणी करणारी आवृत्ती बांधायची, तिच्यावर नेहमीचे काम चालवायचे आणि त्या नोंदी कंपायलरला देऊन अंतिम आवृत्ती बांधायची. फायरफॉक्स आणि क्रोम असेच बांधले जातात. फोरट्रानच्या ‘फ्रीक्वेन्सी’ विधानाची जागा या नोंदींनी घेतली आहे.

एक प्रदेश मात्र वेगळा ठेवला आहे. आर्डुइनो उनोवरच्या आठ बिटांच्या चिपला ३२ किलोबाइट फ्लॅश आणि दोन किलोबाइट रॅम असते, आणि भागाकाराची आज्ञा तिला नाही. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम० लाही ती नाही. ८०५१ घराण्याच्या चिपवर कुठले व्हेरिएबल आतल्या मेमरीत आणि कुठले बाहेरच्या, हे आजही प्रोग्रॅमरलाच शब्दांनी सांगावे लागते. पुणे-पिंपरीच्या वाहन उद्योगासाठी नियंत्रकांचा कोड लिहिणाऱ्यांना १९७८ चे ते पान परके वाटणार नाही. तीन रजिस्टरांच्या दिवसांतली काटकसर तिथे रोजची आहे.

आणि मशीनही आपली मते बदलते. पेंटियम ४ ला फाट्याच्या आज्ञेआधी एक बाइट जोडून ‘इकडे वळशील’ असे सांगता येत असे. नंतरच्या प्रोसेसरांनी त्या बाइटकडे दुर्लक्ष केले आणि सगळ्यांनी ती सोय इतिहासात जमा केली. २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या रेडवुड कोव्ह गाभ्याने त्यातली ‘वळेल’ सांगणारी अर्धी हिंट पुन्हा ऐकायला सुरुवात केली आहे.

पहिल्या प्रकरणाची सुरुवात तोंडी परीक्षेतल्या त्याच लूपपासून होते. काउंटरला ‘रजिस्टर’ लावून आणि न लावता, ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू, जीसीसीवर आणि क्लँगवर, अशा आठ असेंब्ली फाइली शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. त्यांतली कुठली कुणाशी जुळते, हे वाचकाने स्वतः ओळीला ओळ लावून पाहावे, मगच पान उलटावे.